रेचेल कार्सन : वहीत न आलेला खर्च

आमच्या घरचा जमाखर्च मी लिहितो. बी.कॉम.ला प्रवेश घेतला त्याच आठवड्यात काकांनी वही माझ्या पुढ्यात टाकली. कोबीच्या पिकाचे पान काढले की खर्चाच्या बाजूला ठरलेल्या नोंदी येतात : बियाणे, शेणखत, युरिया, मजुरी, टेम्पोभाडे, हमाली आणि 'औषध'. हा शेवटचा शब्द मी दोन वर्षे काहीही विचार न करता लिहीत आलो. मराठीत आपण पिकावर औषध मारतो. आमच्याकडे भांगलणीला येणाऱ्या बायका कन्नड बोलतात, त्याही त्याला औषधच म्हणतात. मला दोन भाषा येतात, आणि दोन्ही भाषांनी विषाला औषध म्हणायचे ठरवलेले दिसते.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता काका कोबीवर फवारणी करून घरी आले आणि भिंतीला धरून खालीच बसले. अंगाला दरदरून घाम, उलट्या, डोळ्यांपुढे सगळे पुसट. दवाखान्यात दोन दिवस काढून बरे झाले, हे आमचे नशीब. नंतर मी शेतातली बाटली आणून पाहिली. तिच्यावर लाल त्रिकोण होता आणि कवटीचे चित्र. सोबतचा कागद आठ घड्या घालून चिकटवलेला. उलगडला तर अनेक भाषांत मुंगीएवढ्या अक्षरांत सगळे काही लिहिलेले. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, हेही. काकांनी तो कागद कधी उघडला नव्हता, आणि घरात चार अक्षरे शिकलेला मी, मीही नाही.

दवाखान्याचे बिल मी वहीत 'घरखर्च' या पानावर लिहिले. कोबीचा नफा होता तेवढाच राहिला. ही गंमत मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना सांगितली. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवले. 'सायलेंट स्प्रिंग', लेखिका रेचेल कार्सन. मी मराठी माध्यमातला. शब्दकोश शेजारी घेऊन ते वाचायला मला दीड महिना लागला. पुस्तक संपल्यावर ज्या बाईने ते लिहिले तिचे चरित्र मिळेल तेवढे वाचून काढले. तेच येथे सांगतो.

रेचेलचा जन्म 27 मे 1907 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात स्प्रिंगडेल या गावी झाला. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर तिथून जवळच. अलेघेनी नदीच्या काठी त्यांची पासष्ट एकरांच्या आसपास जमीन होती, पण वडिलांना त्यातून फारसे काही पिकवता आले नाही. पैशाची ओढाताण कायमची. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती. लग्न झाल्यावर तिला नोकरी सोडावी लागली, मग तिने आपली सगळी शिकवण्याची हौस धाकट्या लेकीवर भागवली. रानात हिंडायचे, पाखरे ओळखायची, किडा घरात आला तर उचलून बाहेर सोडायचा. अकराव्या वर्षी रेचेलची गोष्ट मुलांच्या एका नामांकित मासिकात छापून आली. लेखिका व्हायचे हे तेव्हाच ठरले.

1925 मध्ये ती पिट्सबर्गच्या मुलींच्या कॉलेजात दाखल झाली. फी भरण्यासाठी आईने सफरचंदे विकली, कोंबड्या विकल्या, घरातली चिनी मातीची ठेवणीतली भांडीही विकली. आमच्या कॉलेजात कितीतरी मुलांची फी अशीच येते, म्हणून हा तपशील माझ्या लक्षात राहिला. रेचेल साहित्य शिकत होती, पण मेरी स्किंकर नावाच्या जीवशास्त्राच्या बाई तिला भेटल्या आणि तिने विषयच बदलला. मुलीने विज्ञान घेऊन पुढे करायचे काय, असे त्या काळी तिथेही विचारीत. 1929 साली ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत गेली. समुद्राविषयी पुढे साऱ्या जगाला वेड लावणाऱ्या या मुलीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी!

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून 1932 मध्ये तिने प्राणिशास्त्राची एम.ए. पदवी घेतली. डॉक्टरेट मात्र राहिली. मंदीचे दिवस होते, सगळे कुटुंब तिच्या आधाराने बाल्टिमोरला राहायला आले होते. 1934 मध्ये तिने शिक्षण सोडले, 1935 मध्ये वडील वारले. पुढे विरोधकांनी या न मिळालेल्या डॉक्टरेटवरून तिला टोमणे मारले. मला वाटते, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना पाच माणसांचे पोट भरत शिकावे लागले असेल.

आता त्यांना बाई म्हणायला हवे, कारण त्या कमावत्या झाल्या. सरकारच्या मत्स्य खात्याला रेडिओवर पाण्याखालच्या जीवनाविषयी छोटे कार्यक्रम करायचे होते. खात्यातल्या शास्त्रज्ञांना लिहिता येईना आणि लेखकांना शास्त्र येईना. कार्सनबाईंना दोन्ही येत होते. त्यांनी असे बावन्न कार्यक्रम लिहिले. 1936 मध्ये सरकारी परीक्षेत पहिल्या येऊन त्या त्याच खात्यात कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ झाल्या. खात्याच्या एका पुस्तिकेसाठी त्यांनी समुद्रावर प्रस्तावना लिहिली, ती वाचून साहेबांनी परत केली. सरकारी पुस्तिकेसाठी हे फारच चांगले आहे, मासिकाकडे पाठवा, असा त्यांचा सल्ला होता. ती 1937 मध्ये 'अटलांटिक मंथली'त छापून आली. अशी परत आलेली प्रस्तावना आमच्या वाट्याला कधी येणार!

त्याच वर्षी थोरली बहीण दोन लहान मुली मागे ठेवून वारली. त्या मुलीही कार्सनबाई आणि त्यांच्या आईच्या पदरात आल्या. दिवसा कचेरी, रात्री लिखाण, आणि हस्तलिखित टंकलिखित करायला म्हातारी आई. पहिले पुस्तक 'अंडर द सी-विंड' नोव्हेंबर 1941 मध्ये निघाले, आणि महिन्याभरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. पुस्तकाकडे कोण बघतो?

सरकारी नोकरीतील त्यांचे काम चरित्रकार भराभर उरकतात. मला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. महायुद्धात मांसाची टंचाई झाली तेव्हा लोकांनी ठरावीक मासेच न खाता ओळखीचे नसलेलेही खाऊन पाहावेत, म्हणून त्यांनी गृहिणींसाठी पुस्तिका लिहिल्या. युद्धानंतर 1947 पासून वन्यजीव खात्याच्या अभयारण्यांवर पुस्तिकांची एक मालाच त्यांनी काढली. चिंकोटीग, पार्कर नदी, मॅटामस्कीट, प्रत्येक ठिकाणी त्या स्वतः गेल्या, चिखलात उभ्या राहिल्या. पाणथळ जागा म्हणजे पडीक जमीन नव्हे, हजारो मैल उडून येणाऱ्या बदकांचा तो मुक्काम आहे, हे सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत त्यांनी सांगितले. 1949 पर्यंत त्या खात्याच्या सर्व प्रकाशनांच्या प्रमुख संपादक झाल्या होत्या. निसर्गरक्षण लोकांना शिकवायचे कसे, हे त्या या टेबलावर शिकल्या. त्याच टेबलावरून डीडीटीच्या चाचण्यांचे कागदही जात असत. 1945 मध्येच त्यांनी एका मोठ्या मासिकाला या विषयावर लेख देऊ केला होता. मासिकाला तो नको होता.

1951 मध्ये 'द सी अराउंड अस' आले आणि सगळेच पालटले. पुस्तक दीड वर्षाहून अधिक काळ सर्वाधिक खपाच्या यादीत राहिले, राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला, तीसहून अधिक भाषांत ते गेले. पृथ्वीची उष्णता सांभाळण्यात समुद्राचा वाटा काय, यावर त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश उबदार होत चालला आहे आणि मासे उत्तरेकडे सरकत आहेत, अशा नोंदी त्यात आहेत. हवामानबदल हा शब्द आज वर्तमानपत्रात रोज दिसतो; बाईंनी हे 1951 साली टिपले होते. 1952 मध्ये त्यांनी नोकरी सोडली, मेन राज्याच्या किनाऱ्यावर छोटे घर बांधले. 1957 मध्ये भाची वारली, तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर त्यांनी दत्तक घेतला. वय पन्नास, आई नव्वदीकडे झुकलेली आणि घरात पाच वर्षांचे पोर. त्याला घेऊन रात्री समुद्रावर जायचे, खेकडे बघायचे, नावे पाठ करून घ्यायची नाहीत, नुसते बघू द्यायचे, ही त्यांची रीत. 1956 मध्येच त्यांनी यावर एक लेख लिहिला होता, त्याचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघाले.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

डीडीटी प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले 1874 मध्ये. त्याने कीटक मरतात हे स्विस शास्त्रज्ञ पॉल म्यूलर यांना 1939 मध्ये कळले, आणि 1948 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. युद्धात या पावडरीने टायफसच्या उवा मारल्या, असंख्य जीव वाचले. त्यामुळे युद्ध संपल्यावर ती चमत्काराची वस्तू म्हणून शेतात, बागेत, घरात शिरली. विमानातून गावेच्या गावे फवारली जाऊ लागली. जानेवारी 1958 मध्ये मॅसॅच्युसेट्समधून ओल्गा हकिन्स या परिचित बाईंचे पत्र आले. डास मारायला विमानाने डीडीटी फवारले आणि त्यांच्या राखलेल्या जागेतील पाखरे तडफडून मेली होती. यावर दुसऱ्या कोणी लिहावे असा प्रयत्न कार्सनबाईंनी आधी केला. कोणी पुढे येईना, तेव्हा स्वतः बसल्या. चार वर्षे लागली.

या पुस्तकातले एक उदाहरण मी आमच्या जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. मिशिगनमधील विद्यापीठाच्या आवारात एल्म झाडांवर रोग पसरवणारा भुंगा मारायला डीडीटी मारले. शरद ऋतूत पाने गळली. ती पाने गांडुळांनी खाल्ली. गांडुळे मेली नाहीत, विष त्यांच्या अंगात साठले. वसंतात रॉबिन पक्षी आले आणि त्यांनी गांडुळे खाल्ली. मोठी अकरा गांडुळे एका रॉबिनच्या मरणाला पुरत, आणि रॉबिन तेवढी काही मिनिटांत खातो. आम्ही पान संपले की बाकी पुढच्या पानावर ओढतो. तसेच हे. पानाची बाकी गांडुळावर, गांडुळाची पाखरावर. खाते कुठेही मिटत नाही.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकचे. तेथे चिलटे मारायला डीडीटीचा भाऊबंद डीडीडी पाण्यात सोडला. 1954 च्या खेपेला प्रमाण होते पाण्याच्या पाच कोटी भागांना एक भाग, म्हणजे दहा लाखांत 0.02. इतके थोडे की कोणी घाबरू नये. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती-प्राण्यांत ते भरले दहा लाखांत 5, आणि मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत 1,600. मी गणकयंत्रावर भागाकार केला, ऐंशी हजार पट आली. ग्रीबच्या हजारांवर जोड्या होत्या, 1960 पर्यंत तीसच्या आसपास उरल्या आणि त्यांनाही पिल्ले होईनात. चक्रवाढ व्याज आम्हाला परीक्षेला असते, पण असे व्याज मी कुठल्या सावकाराचे ऐकले नाही.

पुस्तकाचे नाव त्या वसंतावरून पडले, ज्यात एकही पाखरू गात नाही. आपल्याकडे ते लिहिले गेले असते तर नाव वेगळे पडते. आमच्या भागात वसंत केव्हा आला नि गेला कोणाला कळत नाही; पण मृगाच्या पहिल्या सरीनंतर रात्री बेडूक ओरडले नाहीत तर आजी नक्की विचारील, काय झाले म्हणून.

पुस्तक लिहिता लिहिता बाईंना स्तनाचा कर्करोग झाला. 1960 मध्ये शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टरांनी खरे सांगितले नाही. काही महिन्यांनी त्यांना ते कळले, तोवर रोग पसरला होता. किरणोपचार, सांधेदुखी, डोळ्यांना सूज, यातून त्यांनी पुस्तक पुरे केले. आणि आजार लपवून ठेवला. रसायनांचा कर्करोगाशी संबंध त्या पुस्तकात मांडत होत्या. स्वतःला तोच रोग आहे हे कळले असते तर विरोधकांनी, ही बाई स्वतःच्या दुःखापोटी लिहिते, असे म्हटले असते. काय धैर्य म्हणावे हे!

जून 1962 मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात ते क्रमशः आले आणि 27 सप्टेंबर 1962 रोजी पुस्तकरूपाने. एका रसायन कंपनीने प्रकाशकाला कोर्टाची धमकी दिली. दुसरीने कीटकनाशके नसतील तर देश कसा उपाशी मरेल, याचे विडंबन छापून वाटले. अविवाहित बाई, मूल नाही बाळ नाही, तिला पुढच्या पिढ्यांची काळजी कशाला, असेही बोलले गेले. बाईंनी पुस्तकाच्या शेवटी पन्नासहून अधिक पाने भरून आधार दिले होते, त्यांना कोणी हात लावू शकले नाही. 3 एप्रिल 1963 रोजी सीबीएस दूरदर्शनवर त्या दिसल्या. पाच जाहिरातदारांपैकी तिघांनी आधीच अंग काढून घेतले होते. पडद्यावर लोकांनी पाहिली ती शांत, हळू बोलणारी, खुर्चीत बसलेली बाई. ओरडणारे विरोधकच त्यापुढे वेडे दिसले. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला, त्याने बाईंचे म्हणणे मोठ्या प्रमाणात मान्य केले. जूनमध्ये त्या सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेल्या. 14 एप्रिल 1964 रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्या गेल्या.

अमेरिकेत 1970 मध्ये पर्यावरण रक्षणाचे स्वतंत्र खाते झाले आणि 1972 मध्ये शेतीतील डीडीटी बंद झाले. भारतात शेतीसाठी ते 1989 मध्ये बंद झाले. बाईंमुळे डीडीटी गेले आणि हिवतापाने माणसे मेली, असा आरोप त्यांच्यावर आजही करतात. तो मला पटत नाही. हिवतापासाठी डीडीटी वापरायला 2001 च्या स्टॉकहोम करारातसुद्धा सवलत ठेवली आहे. आणि बाईंनी सगळी रसायने बंद करा असे कधी म्हटलेच नव्हते. अंदाधुंद वापराने कीटक विषाला सरावतात आणि मग गरजेच्या वेळी विष चालत नाही, हा त्यांचा इशारा हिवतापाच्या डासांनाच सर्वांत आधी लागू पडतो. त्यांनी पर्यायही दाखवले. कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांवरची कीड ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडालिया भुंग्याने 1888 नंतर अल्पावधीत आटोक्यात आली होती. पुढे डीडीटीने तो भुंगाच मारला आणि कीड परत आली.

हे सगळे मी काकांना सांगितले. काकांनी ऐकून घेतले आणि विचारले, "पानाला भोकं असलेला गड्डा मार्केटात कोण उचलतो सांग." उत्तर माझ्याजवळ नव्हते, नि ते कार्सनबाईंच्या पुस्तकातही नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्या बाई गेल्या कशानं? औषधानंच काय?" मी म्हटले, "तसं त्यांनी कधी म्हटलं नाही काका, म्हणून मीही म्हणणार नाही."

बेंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा एक उपाय सरांनी दाखवला. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या ओळी लावायच्या, एक कोबी लावण्याआधी पंधरा दिवस, दुसरी लावल्यानंतर पंचवीस दिवसांनी. कोबी खाणाऱ्या अळीचा पतंग मोहरीवर अंडी घालतो, मग फवारायचे झाले तरी मोहरीवर. त्या त्रिकोणांचा अर्थही मी भांगलणीच्या बायकांना कन्नडमध्ये समजावला, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्यांतली एक म्हणाली, इतकी वर्षे आम्हाला तो शोभेचा वाटत होता.

वहीत मी दवाखान्याचे बिल घरखर्चातून काढून कोबीच्या पानावर नेले. नफ्याचा आकडा बराच खाली आला. काकांनी ते पाहिले आणि म्हणाले, "खोड ते." मी खोडले नाही. दोन दिवस आमचे बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "मोहरीचं बी किती लागेल बघ. आणि बाटलीपण एक आणून ठेव."